शनिवारची रात्र, घरचा पडदा : आवर्जून पाहावेत असे काही चित्रपट आणि मालिका

आमच्या घरी दीड वर्षापासून एक नियम पाळला जातो. शनिवारी रात्री जेवणे आटोपून ओटा पुसून झाला की घरातली पाचही माणसे बाहेरच्या खोलीत बसतात आणि त्या आठवड्याला ज्याची पाळी असेल त्याने निवडलेली एक गोष्ट सगळे मिळून पाहतात. निवड गुरुवारपर्यंत सांगायची, मग ती बदलायची नाही, आणि सुरू केलेले अर्ध्यावर सोडायचे नाही. असा नियम करण्याची वेळ आली, कारण त्याआधी आमचा प्रत्येक शनिवार रिमोट हातात धरून याद्या वरखाली करण्यातच सरत होता. तासाभराने सासूबाई कंटाळून झोपायला जात, मुले आपापल्या फोनमध्ये डोके घालत आणि उरलेले आम्ही दोघे कुठल्या तरी मालिकेचा पहिला भाग लावून त्याच्यासमोर पेंगत असू. एवढे उदंड उपलब्ध असताना पाहण्यासारखे काही सापडत नाही, ही तक्रार मी कितीतरी घरांतून ऐकली आहे. म्हणून या दीड वर्षात आम्हाला जे मनापासून आवडले त्याची शिफारस जरा सविस्तर करते आहे.

निवडीमागचा विचार आधी सांगते. चांगल्या मराठी चित्रपटाच्या वाट्याला थिएटरात फार थोडे दिवस येतात. खेळ मिळतो तो सकाळी अकराचा नाहीतर दुपारी तीनचा, नोकरी करणाऱ्याला त्या वेळी जाता येत नाही, आणि पुढच्या शुक्रवारपर्यंत चित्रपट उतरलेला असतो. असे हुकलेले चित्रपट घरी पाहणे म्हणजे तहान ताकावर भागवणे, असे मी पूर्वी मानत असे. आता माझे मत बदलले आहे. काही कलाकृती घरातच, आजीपासून नातवापर्यंतच्या माणसांमध्ये बसून पाहिल्या की जास्त उमगतात, कारण आपल्याला न दिसलेले शेजारच्याला दिसते आणि तो ते तिथेच बोलून दाखवतो. पुढे ज्यांची नावे घेते त्यातली बहुतेक या कसोटीला उतरलेली आहेत.

पहिली पाळी सासूबाईंची होती आणि त्यांनी ‘संत तुकाराम’ निवडला. प्रभात फिल्म कंपनीचा, दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा १९३६ सालचा चित्रपट यूट्यूबवर सहज मिळतो. काळापांढरा पडदा आणि खरखरणारा आवाज पाहून मुलांचे चेहरे उतरले होते. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम तल्लीन होऊन गाऊ लागला तरी धाकट्याची चुळबूळ थांबेना. त्याला सरळ बसवले ते गौरी यांनी उभ्या केलेल्या जिजाईने. पोर आजारी, घरात दाणा नाही आणि नवरा नामस्मरणात बुडालेला, अशा वेळी ती पोराला ओढत देवळात शिरते आणि हातात वहाण घेऊन थेट पांडुरंगालाच जाब विचारते. “ती देवाला मारणार?” असे धाकट्याने डोळे विस्फारून विचारले, तेव्हा सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “मारेल की. घर तिला चालवायचंय.”

हा चित्रपट मी लहानपणी दूरदर्शनवर पाहिला होता, पण तेव्हा जिजाई मला नुसती भांडकुदळ वाटली होती. आता लक्षात येते की दिग्दर्शकांनी तिला कुठेही हास्यास्पद केलेले नाही. तुकोबांची भक्ती आकाशाएवढी असेल, पण चुलीपुढची चिंताही तितकीच खरी आहे, आणि चित्रपट या दोघांपैकी कोणालाही हरवत नाही. संतपटात चमत्कार असणार हे गृहीत धरून आपण बसतो, आणि ते इथेही आहेत. मात्र मनात राहतो तो गावातल्या रोजच्या जगण्याचा पोत, धान्य, गुरे, पोरे, शेजारपाजार. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला तो या साधेपणामुळेच झाला असावा असे मला वाटते. एक गंमत आमच्या घरी त्या रात्री उलगडली. ‘आधी बीज एकले’ हा अभंग तुकोबांचाच, असे सासूबाई आयुष्यभर मानत आल्या होत्या. ते पद शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिले आणि केशवराव भोळे यांनी त्याला संगीत दिले, हे कळल्यावर त्या क्षणभर गप्प झाल्या आणि मग म्हणाल्या की, तुकोबांनी ते ऐकले असते तर गाथेत घेतले असते. पाहताना एक काळजी घ्यावी: यूट्यूबवर याच्या अनेक प्रती आहेत आणि काहींमधली दृश्ये कापलेली आहेत, तेव्हा दोन तासांहून मोठी असलेली प्रतच लावावी.

या सगळ्या यादीतला माझ्या सर्वांत जवळचा चित्रपट ‘अस्तु’ आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा चित्रपट २०१३ साली पूर्ण झाला, पण सर्वत्र प्रदर्शित व्हायला २०१६ उजाडले. त्यात संस्कृतचे एक व्यासंगी पंडित आहेत, चक्रपाणी शास्त्री, आणि त्यांची स्मृती अल्झायमरने हळूहळू पुसत चालली आहे. लेक त्यांना गाडीत बसवून थोड्या वेळासाठी खाली उतरते, तेवढ्यात रस्त्यावरून जाणारा हत्ती त्यांना दिसतो आणि लहान मुलासारखे ते त्याच्यामागे चालू लागतात. एकीकडे लेकीचा शोध आणि दुसरीकडे माहुताच्या पालापाशी जाऊन पोहोचलेले शास्त्री, एवढ्यावर सगळा चित्रपट उभा आहे.

माझ्या सासऱ्यांची शेवटची चार वर्षे याच आजारात गेली. म्हणून हा चित्रपट लावावा की नाही याबद्दल माझ्या मनात पुष्कळ दिवस घालमेल होती. तो लावला, आणि डॉ. मोहन आगाशे यांनी हाताच्या बोटांशी चाळा करत शून्यात पाहणारे शास्त्री उभे केले तेव्हा माझ्या नवऱ्याने टीव्हीवरची नजर काढून खिडकीकडे वळवली. सासरे अगदी असेच धोतराच्या सोग्याशी खेळत बसत. आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत, आणि त्यांच्या अभिनयात आजाराची लक्षणे दाखवण्याचा अट्टहास कुठेच दिसत नाही. दिसतो तो एक हुशार माणूस, ज्याला आपण काहीतरी हरवले आहे एवढेच कळते आणि काय हरवले ते सापडत नाही.

चित्रपटाचा गाभा मात्र अमृता सुभाष यांची चन्नम्मा आहे. ही माहुताची बायको कानडी बोलते, शास्त्रीबुवांच्या तोंडी संस्कृत येते, आणि दोघांना एकमेकांचा शब्द कळत नाही. तरीही ती त्यांना भरवते, स्वच्छ करते, आपल्या लेकरासारखे सांभाळते, आणि ते तिला आई मानू लागतात. पैशाने सुखवस्तू असलेल्या मुलींना जे जड जाते ते या उघड्यावर राहणाऱ्या बाईला का जमते, हा प्रश्न चित्रपट विचारतो, पण मुलींना दोषी ठरवून मोकळा होत नाही. लेक झालेल्या इरावती हर्षे यांच्या चेहऱ्यावरची अपराधी थकावट ज्यांनी घरात रुग्ण सांभाळला आहे त्यांना लगेच ओळखू येईल. चन्नम्माच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना आणि संवादांसाठी सुमित्रा भावे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट संपल्यावर सासूबाईंनी दिवा लावू दिला नाही. थोड्या वेळाने त्या सासऱ्यांबद्दल बोलू लागल्या. ते गेल्यानंतर पहिल्यांदाच त्या त्यांच्या आजारपणातल्या गोष्टी सांगत होत्या, आणि त्यातल्या काही आम्हालाही माहीत नव्हत्या. ज्या घरात असा आजार सध्या चालू आहे तिथे हा चित्रपट लगेच पाहावा असे मी म्हणणार नाही. थोडी उसंत मिळाल्यावर जरूर पाहावा. याच जोडीचा ‘कासव’ नैराश्याबद्दल आहे. त्याला २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले आणि तोही संथ, मायेने केलेला आहे. घरात तरुण मुले असतील तर तो त्यांच्यासोबत पाहावा.

सुमित्रा भावे एप्रिल २०२१ मध्ये गेल्या, पण त्यांचा आवाज आणखी एका चित्रपटात आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’मध्ये माई नावाच्या कधीही न दिसणाऱ्या गायिकेची जी व्याख्याने ऐकू येतात, तो आवाज त्यांचा. हा चित्रपट नेटफ्लिक्सवर आहे. शरद नेरुलकर हा हिंदुस्थानी संगीताचा विद्यार्थी रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटरसायकल चालवतो, कानात माईंचे शब्द असतात, तानपुरा लागलेला असतो, आणि पडद्यावरची गती मंदावते. ही दृश्ये वारंवार येतात आणि प्रत्येक वेळी शरदचे वय, त्याचा चेहरा आणि माईंच्या कठोर शब्दांशी असलेले त्याचे नाते थोडे बदललेले असते. साधनेची एवढी उदात्त कल्पना उराशी धरलेल्या माणसापाशी प्रतिभाच बेताची असेल तर त्याने काय करायचे, हा या चित्रपटाचा विषय आहे, आणि तो एवढ्या स्पष्टपणे मांडायला धाडस लागते.

शरदचे काम करणारे आदित्य मोडक हे स्वतः गाणारे आहेत, आणि गुरुजी झालेले अरुण द्रविड हे मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर यांच्याकडे शिकलेले गायक आहेत, त्यामुळे मैफलीची दृश्ये ओठ हलवण्याची नाहीत. व्हेनिसच्या महोत्सवात २०२० साली याच्या पटकथेला पुरस्कार मिळाला. रिअ‍ॅलिटी शोमधल्या गायिकेचे उपकथानक मला थोडे ठरीव वाटले. बाकी चित्रपट ज्या सूक्ष्मतेने चालतो ती त्या भागात सुटते. आमची मुलगी अकरावीत आहे, सकाळी सहाला क्लासला जाते आणि रात्री अकराला पुस्तक मिटते. चित्रपट संपल्यावर तिने विचारले, “एवढं करूनही नाही झालं तर?” त्या रात्री तिचे बाबा तिच्याशी दीड वाजेपर्यंत बोलत बसले होते. असा प्रश्न घरात मोकळेपणाने विचारला जावा यासाठीच हा चित्रपट मुलांसोबत पाहावा, अशी माझी शिफारस आहे.

ताम्हाण्यांचाच ‘कोर्ट’ आम्ही पुढच्या महिन्यात पाहिला. २०१५ साली प्रदर्शित झालेला, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवणारा हा चित्रपट पाहून ‘यात काही घडतच नाही’ असे म्हणणारी माणसे मला भेटली आहेत. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर आरोप असतो की त्याचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली. खटला सुरू होतो आणि मग तारखांमागून तारखा पडतात. कॅमेरा कोर्टाच्या खोलीत एका जागी ठेवलेला असतो, वकील जुनी कलमे वाचून दाखवतात, न्यायाधीश त्यांची वाक्ये स्वतःच्या शब्दांत बांधून टंकलेखकाला सांगतात, आणि पडद्याच्या कडेला पुढच्या खटल्याची माणसे ताटकळत असतात. माझ्या नवऱ्याने वडिलोपार्जित जमिनीच्या दाव्यापायी अकरा वर्षे तारखा केल्या आहेत. त्याने संपूर्ण चित्रपटात एकच वाक्य उच्चारले: “बाकं अशीच असतात, आणि पंखा असाच वाजतो.”

मृत कामगाराच्या बायकोची साक्ष हा चित्रपटाचा कळस आहे, आणि तरीही तिथे ना संगीत आहे ना रडणे. नवरा दारू पिऊन गटारात उतरायचा कारण त्याशिवाय दुर्गंधी सहन व्हायची नाही, आणि आत हवा आहे की नाही हे तो झुरळे बाहेर येतात का यावरून ताडायचा, हे ती अशा सुरात सांगते की जणू बाजारातल्या भाजीचा भाव सांगते आहे. सरकारी वकील नूतन हे पात्र मला विशेष महत्त्वाचे वाटते. गीतांजली कुलकर्णी यांनी केलेली ही बाई कोर्टात शाहिराला तुरुंगात ठेवण्यासाठी तावातावाने भांडते आणि संध्याकाळी लोकलने घरी येऊन आपल्यासारखाच स्वयंपाक करते, मुलांना पाहते, कुटुंबासोबत नाटकाला जाते. तिच्यात दुष्टपणा शोधूनही सापडत नाही, आणि मला अस्वस्थ केले ते त्यानेच, कारण ती बाई आमच्या सोसायटीतही राहू शकली असती. नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार हे खरेखुरे कार्यकर्ते होते. २०२१ साली करोनाने त्यांचे निधन झाले.

‘कोर्ट’ आवडला तर आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट पाहिल्यावाचून राहू नये. जुलै १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला आणि त्या दुःखाने शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचे जीवन संपवले. तिथून सुरू झालेले हे चित्रण चौदा वर्षे चालले. माहितीपट तीन तासांहून मोठा आहे. आम्ही तो दोन शनिवार पुरवून पाहिला आणि त्यातली गाणी पुढे कितीतरी दिवस घरात गुणगुणली जात होती. याच ओळीत नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ही येतो. शाळेमागे डुकराचा पाठलाग ऐन रंगात असताना राष्ट्रगीत सुरू होते आणि जब्या या शाळकरी मुलाचे सारे कुटुंब आहे त्या जागी थबकते, ते दृश्य आणि शेवटचा दगड यांच्याबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे. मी एवढेच सांगेन की किशोर कदम यांनी केलेला जब्याचा बाप पुन्हा एकदा लक्ष देऊन पाहा. लाचारी आणि माया यांची अशी सरमिसळ मराठी पडद्यावर मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मालिकांकडे वळताना गीतांजली कुलकर्णींचेच बोट धरते, कारण ‘कोर्ट’मधली ती वकीलबाई सोनी लिव्हवरच्या ‘गुल्लक’ या हिंदी मालिकेत मध्यमवर्गीय मिश्रा कुटुंबाची आई झाली आहे आणि दोन्ही भूमिका लागोपाठ पाहिल्यावर अभिनय म्हणजे काय ते समजते. घरातली मातीची गुल्लक, म्हणजे पैसे साठवायचा गल्ला, या कुटुंबाची गोष्ट सांगतो. विजेचे बिल, गच्चीवरून शेजारणीशी चालणारी बरोबरी, थोरल्या मुलाची नोकरीची खटपट, एवढेच विषय. पण जेवणाच्या ताटावरचे अबोले आणि त्यानंतरची मिटवामिटवी इतकी ओळखीची आहे की सासूबाई मधूनच माझ्याकडे पाहून हसत होत्या. प्राइम व्हिडिओवरची ‘पंचायत’ सगळ्यांनी पाहिलेलीच असेल. मला तिचा पहिला हंगाम सर्वांत सरस वाटतो, कारण पुढे राजकारणाची चढाओढ वाढत गेली आणि गावचा निवांतपणा कमी झाला.

मराठीत याच जातीची गोष्ट ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ या मालिकेने या शतकाच्या सुरुवातीलाच केली होती. दिलीप प्रभावळकर यांच्याच ‘अनुदिनी’ या लेखनावर आधारलेली आणि केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका पुन्हा पाहताना मला भीती होती की आठवणीतली गोडी आता सापडणार नाही. ती सापडली, थोडी जास्तच. आबांचे रोजनिशी लिहिणे, सून श्यामला आणि सासरे यांच्यातले न बोलता चालणारे सामंजस्य, शिऱ्या आणि शलाका यांची धुसफूस, या सगळ्यात कोणी कट रचत नाही, कोणी कोणाच्या दुधात काही कालवत नाही, आणि तरीही पुढे काय होईल याची उत्सुकता टिकते. आज रोज रात्री लागणाऱ्या मालिकांमधल्या बायका भरजरी साड्या नेसून झोपायला जातात आणि एका थपडेचा प्रतिध्वनी तीन भाग पुरतो, हे पाहताना मला मनापासून वाईट वाटते, कारण याच वाहिन्यांनी, याच लेखक-नटांच्या बळावर, प्रेक्षकाला शहाणा समजून मालिका केल्या होत्या. ‘प्रपंच’ पाहिलेल्या माणसाला हे निराळे सांगावे लागणार नाही.

सध्या आमचे ‘भारत एक खोज’ चालू आहे, तेही शनिवारी नव्हे तर रविवारी सकाळी, पोह्यांच्या बशा हातात घेऊन. डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे दिग्दर्शक श्याम बेनेगल गेले तेव्हापासूनच ते पाहावे असे मनात होते. १९८८ साली सुरू झालेली ही ५३ भागांची मालिका प्रसार भारतीच्या यूट्यूब वाहिनीवर मोफत पाहता येते. ती ज्यावर आधारलेली आहे ते ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हे पुस्तक पंडित नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिले, आणि या मालिकेत महात्मा फुले उभे केले ते त्याच नगरच्या सदाशिव अमरापूरकरांनी. ज्यांनी अमरापूरकरांना केवळ हिंदी चित्रपटांतला खलनायक म्हणून पाहिले आहे त्यांनी फुल्यांचा भाग अवश्य पाहावा. शिवाजी महाराजांवरचे भाग नसीरुद्दीन शाह यांचे आहेत आणि समोर ओम पुरी यांचा औरंगजेब आहे. घोडदळाचा थाट नाही, सेट साधे आहेत, आणि सगळा भर बोलण्यावर, विचारांवर आहे. मुलांना सलग ५३ भाग जड जातील. आमच्या धाकट्याला शाळेत जो धडा चालू असेल त्या काळाचा भाग आम्ही आधी लावतो, आणि त्याच्या बाईंनी परवा वर्गात त्याला अशोकाबद्दल बोलायला उभे केले.

मुलांसाठी वेगळे शोधायचे तर दोन नावे पुरेशी आहेत. परेश मोकाशी यांच्या ‘एलिझाबेथ एकादशी’मध्ये पंढरपूरची पोरे आपली सायकल विकली जाऊ नये म्हणून यात्रेच्या गर्दीत बांगड्यांचे दुकान मांडतात, आणि अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’मध्ये वडील गमावलेला चिन्मय आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात येतो. ‘किल्ला’तला पाऊस पाहण्यासाठी तरी तो मोठ्या पडद्याच्या टीव्हीवर, खोलीतले दिवे मालवून पाहावा. सायकलींची शर्यत संपल्यावर कोसळत्या पावसात किल्ल्यात एकट्या सापडलेल्या पोराची भीती आमच्या धाकट्याने माझा हात घट्ट धरून पाहिली.

घरी पाहताना काही अडचणी येतात, त्यांच्याबद्दल थोडे. आजच्या बहुतेक सपाट टीव्हींचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, त्यामुळे संवाद पुसट येतात आणि ज्येष्ठांना ते कळत नाहीत, टीव्हीसमोर ठेवायचा एक साधा साउंडबार घेतल्यापासून सासूबाईंनी “काय म्हणाला?” असे विचारणे जवळजवळ थांबले. मराठी चित्रपटांना मराठी उपशीर्षके जवळपास कुठेच नसतात, ही मोठी उणीव आहे. ऐकू कमी येणाऱ्या मराठी माणसाने मराठी चित्रपट इंग्रजी अक्षरे वाचून समजून घ्यावा, ही अपेक्षा मला पटत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करण्याची जी सोय असते ती बंद ठेवावी, नाहीतर सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित केलेला चित्रपट स्टुडिओत उरकलेल्या मालिकेसारखा दिसू लागतो. ‘किल्ला’ची पहिली दहा मिनिटे आम्ही तशीच वाया घालवली होती. आणखी एक अनुभव कटू आहे. एका ओटीटीची वर्षाची वर्गणी आम्ही एका विशिष्ट जुन्या मराठी चित्रपटासाठी भरली, आणि दुसऱ्याच महिन्यात तो तिथून कोणतीही सूचना न देता काढला गेला. विचारणा केल्यावर हक्कांची मुदत संपली एवढे एका ओळीचे उत्तर आले. म्हणून एखादा चित्रपट कुठे आहे हे त्या आठवड्यातच तपासावे आणि पाहायचा ठरला की लांबणीवर टाकू नये.

येत्या शनिवारी पाळी माझ्या नवऱ्याची आहे आणि त्याने ‘सामना’ निवडला आहे. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, विजय तेंडुलकर यांचे लेखन, निळू फुले यांचा साखरसम्राट हिंदुराव आणि डॉ. श्रीराम लागू यांचे दारूत बुडालेले मास्तर. सासूबाईंनी तो लग्नानंतर लगेचच थिएटरात पाहिला होता. गुरुवारी निवड जाहीर झाल्यापासून त्या येता-जाता नातवाला अडवून “मारुती कांबळेचं काय झालं?” असे विचारतात, आणि हा मारुती कांबळे कोण ते अजून कोणी सांगत नाही म्हणून तो शनिवारची वाट पाहतो आहे.